मुलींसाठी ॲनेस्थेशिया खरंच 'आरामाची ब्रँच' आहे का? संसार सांभाळून जमतं का?

तुम्ही लिहिलंय की पीजीला (एमबीबीएसनंतरच्या शिक्षणाला) ॲनेस्थेशियाची, म्हणजे भूलशास्त्राची सीट मिळतेय, आणि घरचे सगळे म्हणतायत, "घे, मुलीसाठी बरी ब्रँच आहे, ओपीडी नाही, कटकट नाही." मी सांगली-मिरज भागात भूल देते, बरीच वर्षं फ्रीलान्स. ब्रँच जरूर घ्या, पण या कारणासाठी घेऊ नका.

ओपीडी नाही हे खरं. म्हणून वेळ आपल्या हातात राहतो हे मात्र खोटं. ओपीडीवाला डॉक्टर संध्याकाळी दवाखाना बंद करतो. आपलं घड्याळ सर्जनच्या हातात असतं आणि सर्जनचं पेशंटच्या. सकाळी आठची ऑपरेशनची लिस्ट साडेदहाला सुरू होते, तीन केसेस संपवून घरी जेवायला बसावं तर सिझरचा कॉल येतो.

ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) काय होतं तेही सांगते, कारण घरच्यांना ते दिसत नाही. सिझरसाठी स्पायनल (पाठीच्या कण्यात सुईने भूल) दिलं की पुढची काही मिनिटं फार नाजूक असतात. बाई म्हणते, "मॅडम, कसंतरी होतंय, उलटीसारखं वाटतंय." पुष्कळदा मॉनिटरवर बीपीचा आकडा यायच्या आधीच हे वाक्य येतं. लगेच पोट डावीकडे सरकवायचं, सलाईन जोरात सोडायचं, बीपी वर आणणारं फेनिलएफ्रिन द्यायचं, आणि हे सगळं करताना तिच्याशी बोलत राहायचं. नेमका त्याच वेळी बॅगेत फोन वाजत असतो, घरी मुलाला ताप भरलेला असतो. सर्जनला टाके घालायचं काम असिस्टंटवर सोपवून दोन मिनिटं बाहेर जाता येतं. लहान हॉस्पिटलात भूल देणारी एकटीच असते, तिला टेबल सोडून हलता येत नाही.

त्यामुळे घर आणि काम यांचा मेळ ओटीच्या बाहेर, आधीच घालून ठेवावा लागतो. माझ्या अनुभवात तो घालणारी गोष्ट एकच: आपल्याच कामातली माणसं. नव्या फ्रीलान्सरला भीती असते की एक कॉल नाकारला तर सर्जन दुसऱ्याला बोलावेल आणि पुढेही त्यालाच बोलावत राहील. भीती खोटी नाही, तसं होतं. आम्ही चौघींनी मिळून रात्री वाटून घेतल्या आणि कोणत्या रात्री कोण, याचा कागद प्रत्येक सर्जनकडे दिला. सुरुवातीला कुरकुर झाली, "आम्हाला तुम्हीच हव्यात" वगैरे. पण मध्यरात्री पहिल्याच फोनला माणूस येतो म्हटल्यावर कुरकुर थांबली. ज्या रात्री माझी पाळी नसते त्या रात्री माझा फोन सायलेंटवर असतो. नवरा किंवा सासूबाई कितीही समजूतदार असल्या तरी ही सोय त्या करून देऊ शकत नाहीत.

बाळंतपणाचं आधीच समजून घ्या. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा आहे (पहिल्या दोन मुलांसाठी), पण ती नोकरीतल्या बाईला. फ्रीलान्सरचं काम थांबलं की पैसेही थांबतात. मूल हवं असेल त्या काळात एखाद्या हॉस्पिटलला पगारावर असणं चांगलं, हे मी माझ्या ज्युनिअर मुलींना स्पष्ट सांगते. दिवस गेले की लपवू नका. कित्येक छोट्या ओटींत भुलीचा गॅस बाहेर काढायची स्कॅव्हेंजिंगची सोय नसते, ऑर्थोच्या (हाडांच्या) केसला सी-आर्म म्हणजे एक्स-रेचं मशीन चालू असतं. अशा केसेस सहकाऱ्यांशी बदलून घ्या. त्यात उपकार मागितल्यासारखं काही नाही.

पैशाचं बोलायला आपण बायका लाजतो. पुष्कळ ठिकाणी भूलीची फी सर्जनच्या बिलातून येते, कधी महिन्यांनी येते. एका हॉस्पिटलात थकलेले पैसे मागितले तर मला ऐकवलं, "मॅडम, तुमचे मिस्टर कमावतातच की." तिथे मी परत गेले नाही. पहिल्या दिवसापासून आपल्या नावाचं वेगळं बिल द्या. रात्रीच्या कॉलला हॉस्पिटलने गाडी पाठवायची, हीही अट आधीच घाला.

पेशंट 'सिस्टर' म्हणतील, आपण सगळं तपासून झाल्यावर नातेवाईक विचारतील, "मोठे डॉक्टर कधी येणार?" मला याचा राग येतो, अजूनही. उपाय एकच सापडलाय: आदल्या संध्याकाळी तपासणीला गेलं की खुर्ची ओढून बसायचं आणि सांगायचं, "उद्या भूल मी देणार, तुम्ही शुद्धीवर येईपर्यंत तुमच्या उशाशी मीच असणार." दुसऱ्या दिवशी तोच माणूस टेबलावर आल्यावर आपल्याला शोधतो.

आणि ही ब्रँच बायकांना सोपी म्हणून मिळालेली नाही, हे घरच्यांना जरूर सांगा. 1880 च्या दशकाच्या अखेरीस हैदराबादेत डॉ. रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म देत होत्या, जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतात. बाळ जन्मल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला त्याची तब्येत जोखायला आपण जो अपगार स्कोअर लावतो, तो 1952 मध्ये मांडणाऱ्या व्हर्जिनिया अपगार भूलतज्ज्ञच. त्यांना सर्जरीतच राहायचं होतं, वरिष्ठांनी इकडे वळवलं, आणि इथे येऊन त्यांनी हे काम केलं.

पुढे आयसीयू, पेन क्लिनिक (जुनाट दुखण्यांवरचे उपचार), प्रसूतीतल्या एपिड्युरल (कळा कमी करणारी पाठीतली भूल), असे रस्ते फुटतात. पेन क्लिनिकमध्ये ठरावीक वेळेची ओपीडी मिळते, चाळिशीनंतर माझ्या दोन मैत्रिणी तिकडे वळल्या आणि खूश आहेत.

पण त्याआधी रेसिडेन्सीची, म्हणजे हॉस्पिटलात काम करत शिकायची तीन वर्षं आहेत, आणि तुमचा खरा निर्णय कॉलेजचा आहे. 2023 च्या पीजी नियमांत आठवड्याला एक सुट्टी आणि वर्षाला किमान 20 दिवस पगारी रजा लिहिलेली आहे. ती प्रत्यक्षात मिळते का, हे तिथल्या सेकंड इयरच्या मुलीला फोन करून विचारा, एचओडींना (विभागप्रमुखांना) नको. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर कॉलेजात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर आणखी दोन गोष्टी विचारल्याशिवाय सीट घेऊ नका: मुलींची वेगळी ड्युटी रूम ओटीच्या मजल्यावरच आहे का, आणि तिला आतून कडी लागते का.