टी कोरोनी बोरिॲलिसचे दोन तारे गुहागरहून दुर्बिणीत वेगळे दिसतील का?

नाही, घरगुती दुर्बीण कितीही मोठी घेतली तरी नाही. या जोडीतला तांबडा राक्षसी तारा (फुगलेला, म्हातारा) आणि तापलेला श्वेत बटू (विझलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, दाट गाभा) यांच्यातलं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराहून कमी, आणि जोडी सुमारे ३००० प्रकाशवर्षांवर! दोघं २२७.६ दिवसांत एक फेरी मारतात. राक्षसी ताऱ्याचा हायड्रोजन बटूवर साचतो. थराच्या तळाशी दाब-तापमान पुरेसं वाढलं की तो एकदम पेटतो. १८६६ आणि १९४६ चे स्फोट असेच.

एरवी प्रत १० (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी). म्हणजे १०×५० द्विनेत्रीच्या अगदी काठावर, त्यामुळे ४ इंची दुर्बीण धरा. स्वातीकडून अभिजितकडे निघालात की तिसऱ्या हिश्शावर ताऱ्यांचं अर्धवर्तुळ लागतं, तेच कोरोना बोरिॲलिस. त्यातल्या एप्सिलॉन ताऱ्याच्या दक्षिणेला अंशभरावर हा. मेच्या मध्यात मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. स्फोटात तो प्रत २ पर्यंत, म्हणजे या अर्धवर्तुळातल्या सर्वांत तेजस्वी अल्फेकाइतका चढतो आणि आठवडाभरात नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो. पुढचा स्फोट मृगाच्या ढगांत झाला तर गेलाच.

किनाऱ्यावर भिंगावर खारं दव बसतं. ते कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाचे कण लेप खरवडतात. आधी रबरी ब्लोअर मारा, मगच ओलसर भिंगकागद.