साम्यवादातले ‘साम्य’ कुठून आले?

‘समाजवाद आणि साम्यवाद एकच का?’ असे एका वाचकाने विचारले आहे. नाहीत. वृत्तवाहिन्यांवर समाजवादी, साम्यवादी, अराजकवादी हे शब्द कुणालाही कसेही चिकटवले जातात. ऐकून कान किटले.

उत्पादनाची साधने समाजाच्या मालकीची असावीत, हा समाजवाद. ही मालकी मतपेटीतून यावी की क्रांतीतून, यावर समाजवाद्यांतच वाद आहेत. साम्यवाद त्याच घरातला, पण क्रांतीवाचून गत्यंतर नाही असे मानणारा. मार्क्स आणि एंगल्स यांनी लिहिलेल्या १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्याला ‘समाजवादी’ का म्हटले नाही, हे एंगल्सने पुढे स्वतःच सांगितले: १८४७ साली समाजवाद ही मध्यमवर्गाची चळवळ होती, साम्यवाद ही कामगारांची.

आता मूळ मुद्दा. कम्युनिझमला ‘साम्यवाद’ हा प्रतिशब्दच मला पटत नाही. कम्युनिझमच्या मुळाशी लॅटिन ‘कोम्युनिस’ आहे, म्हणजे सामाईक. त्यातला ‘मुनुस’ म्हणजे कर्तव्य, सार्वजनिक सेवेचा भार. म्युनिसिपालिटी त्याच मुळातली. इम्युनिटीही त्यातलीच: ‘इम्युनिस’ म्हणजे त्या भारातून सूट मिळालेला. म्हणजे भार मिळून उचलणारा तो कम्युनिस्ट आणि भार टाळण्याची मुभा असलेला तो इम्यून, किती नेमकी जोडी आहे ही! ‘प्रत्येकाकडून कुवतीप्रमाणे, प्रत्येकाला गरजेप्रमाणे’ या साम्यवादी सूत्राचा पहिला अर्धा भाग म्हणजे हा ‘मुनुस’च.

‘साम्य’ म्हटले की तो भाग गळतो आणि उरते समान वाटप. कोशकार म्हणतील, समता हेच त्या विचाराचे सार. साफ चूक! १८७५ साली गोथा कार्यक्रमावर, म्हणजे जर्मन कामगार पक्षाच्या जाहीर कार्यक्रमाच्या मसुद्यावर, टीका करताना मार्क्सनेच ‘समान हक्क’ या कल्पनेचे वाभाडे काढले होते. माणसे असमान असतात, त्यांना एकच माप लावले की पदरी विषमताच येते, असे त्याचे म्हणणे. वर दिलेले सूत्रही त्याच लिखाणात येते. माझ्या मते ‘सामाईकवाद’ हा शब्द कितीतरी सरस ठरला असता.

याच लिखाणात मार्क्सने साम्यवादी समाजाच्या दोन पायऱ्या मांडल्या. लेनिनने १९१७ साली पहिलीला समाजवाद म्हटले, पूर्ण साम्यवाद ही पुढची पायरी. म्हणून सोव्हिएत संघाच्या नावात ‘समाजवादी’ होते, ‘साम्यवादी’ नव्हते, जरी सत्ता कम्युनिस्ट पक्षाची होती.

अराजकवादाचे मूळ ग्रीक ‘अनार्खोस’, म्हणजे ज्यावर शासक नाही असा. गोंधळाशी त्याचा संबंध नाही, म्हणून ‘अराज्यवाद’ म्हणावे. प्रूधाँ या फ्रेंच विचारवंताने १८४० साली हे नाव अभिमानाने घेतले. राज्यसंस्था कामगारांच्या हाती आली तरी नकोच, असे बाकुनिन या रशियन अराजकवाद्याचे मत होते. १८७२ साली हेगच्या अधिवेशनात त्याला पहिल्या इंटरनॅशनलमधून, म्हणजे कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून, काढले, ते मार्क्सच्या गटानेच.