अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे मिळायला हवेत का?

हो, मिळायलाच हवेत. तुम्ही म्हणाल, शिष्यवृत्तीवरच्या खेळाडूंची फी माफ, राहणं-जेवण फुकट, मग वर जाहिरातीचे पैसे कशाला? मी उलट विचारतो: त्याच कॉलेजात संगीताची शिष्यवृत्ती घेणारी मुलगी शनिवारी कुणाच्या लग्नात व्हायोलिन वाजवून पैसे घेते, तिला कोणी अडवतं का? (अमेरिकन) फुटबॉल खेळणाऱ्याला मात्र १ जुलै २०२१ पर्यंत अडवत होते. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणारी संस्था. खेळाडूने आपल्या सहीचे, फोटोचे पैसे घेतले की तिच्या नियमाने कारवाई ठरलेली. २०१० मध्ये जॉर्जिया विद्यापीठाचा फुटबॉलपटू ए. जे. ग्रीन याने स्वतःची जर्सी १,००० डॉलरला विकली, तर त्याला चार सामने बाहेर बसवलं.

आणि नियम करणारे स्वतः काय करत होते? ऑगस्ट २०१३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा फुटबॉलपटू जॉनी मँझिएल याची चौकशी चालू होती, सह्यांचे पैसे घेतल्याच्या संशयावरून. तेव्हा जे बिलास या समालोचकाने एनसीएएच्याच ऑनलाइन दुकानात शोधाच्या चौकटीत त्याचं आडनाव टाइप केलं. समोर आली टेक्सास ए अँड एमची २ नंबरची जर्सी, म्हणजे मँझिएलचाच नंबर. जर्सीवर नाव नाही, पण दुकानाला बरोबर ठाऊक की गिऱ्हाईक कशासाठी आलंय! बिलासने ते सगळं ट्विटरवर टाकलं आणि थोड्याच दिवसांत एनसीएएने असल्या जर्स्यांची विक्री गुंडाळली. हे वाचल्यावर 'हौशी खेळाची शुद्धता' वगैरे भाषणं ऐकवत नाहीत.

खरा दणका दिला एड ओबॅननने. १९९५ मध्ये यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाला बास्केटबॉलचं विजेतेपद मिळवून देणारा हा खेळाडू पुढे लास व्हेगसकडे गाड्या विकण्याची नोकरी करत होता. एका मित्राच्या घरी व्हिडिओ गेम चालू होता, त्यात त्याला तो स्वतःच दिसला: तोच ३१ नंबर, तोच डावखुरा. नाव तेवढं गाळलेलं. परवानगी कोणी विचारली नव्हती, पैसे तर दूरच. २००९ मध्ये त्याने खटला भरला आणि २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एनसीएएचे नियम मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरुद्ध ठरवले. या कोर्टबाजीत कॉलेज फुटबॉलचा व्हिडिओ गेम २०१३ नंतर बंदच पडला. २०२४ मध्ये परत आला तेव्हा संमती देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत मिळाली. रक्कम किरकोळ आहे, पण निदान विचारलं तरी.

मधल्या काळात, २०१९ मध्ये, खेळाडूंना स्वतःच्या नावा-चेहऱ्याचे पैसे घेता यावेत असा कायदा कॅलिफोर्नियाने केला, बाकीची राज्यं मागोमाग निघाली आणि एनसीएएला हात टेकावे लागले.

फायदा फक्त फुटबॉलवाल्यांचा झाला असंही नाही. जाहिरातींतून कमाई केलेली एलएसयूची (लुइझियाना राज्य विद्यापीठाची) जिम्नॅस्ट ऑलिव्हिया डन बघा. फुटबॉलसारखी व्यावसायिक लीग जिम्नॅस्टला पुढे मिळत नाही. तिची चलती असते ती बहुधा कॉलेजच्याच वर्षांत. जुन्या नियमात ती वर्षं फुकट गेली असती.

आता माझी तक्रार. नावा-चेहऱ्याच्या नावाखाली आज जे वाटलं जातं त्यातलं बरंचसं जाहिरातीचं मानधन नाहीच. कॉलेजचे श्रीमंत चाहते वर्गणी काढून 'कलेक्टिव्ह' उभारतात आणि चांगला खेळाडू आपल्याकडे ओढायला पैसे मोजतात. हा सरळ पगार आहे, फक्त कधी कधी त्याला करारपत्राचाही आधार नसतो. २०२४ मध्ये नेवाडातल्या यूएनएलव्ही या विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (फुटबॉल संघाची चढाई चालवणारा खेळाडू) मॅथ्यू स्लुका तीन सामने जिंकून संघ सोडून गेला. त्याच्या बाजूचं म्हणणं, १ लाख डॉलर तोंडी कबूल केले होते ते दिले नाहीत. कॉलेजकडच्यांचं म्हणणं, अशी बोली झालीच नव्हती. तोंडी व्यवहाराचं हे असंच होणार. जून २०२५ मध्ये त्याच विल्कनबाईंनी मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. पोहणं, कुस्ती अशा पैसे न आणणाऱ्या खेळांवर कुऱ्हाड येईल ही भीती मात्र खोटी नाही.

टेनिस, स्क्वॉश, गोल्फच्या शिष्यवृत्तीवर मुलांना तिकडे पाठवणाऱ्या आईबापांसाठी एक गोष्ट, कारण हे फार जणांच्या लक्षात येत नाही. तुमचं मूल एफ-१ म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर असेल तर यातलं बरंचसं त्याच्यासाठी नाही. त्या व्हिसावर अशी कमाई म्हणजे विनापरवाना काम ठरण्याचा धोका असतो. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक ईडी सलग दोन वर्षं अमेरिकेतला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू ठरला, पण कॅनडाचा असल्यामुळे सहखेळाडूंसारखे करार त्याला मोकळेपणाने करता आले नाहीत. काही जण सुट्टीत घरी गेल्यावर अमेरिकेबाहेर शूटिंग उरकतात. तोही मार्ग कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला आणि इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय धरू नका. इन्स्टाग्रामवर एखाद्या कंपनीचे फुकटचे बूट घालून टाकलेली पोस्टसुद्धा मोबदल्यात धरली जाऊ शकते.