विमानालाच पॅराशूट असलं की छोटं विमान सुरक्षित होतं का?

होतं, पण हँडल वेळेत ओढलं तरच. इंजिन बंद पडल्यावर आख्खं विमान पॅराशूटला लटकून खाली येतं ही निव्वळ जाहिरात आहे का, असं तुम्ही विचारलंय. जाहिरात नाही. सिरस या कंपनीच्या एसआर२० आणि एसआर२२ या छोट्या विमानांत ते कारखान्यातूनच बसवून येतं.

छतातलं हँडल जोर लावून ओढलं की घन इंधनाचं रॉकेट पेटतं आणि पॅराशूट बाहेर खेचून नेतं. विमानाच्या अंगात दडवलेले पट्टे वरचं आवरण फाडत मोकळे होतात आणि सगळा भार पेलतात. पॅराशूट एका झटक्यात उघडलं तर फाटेल, म्हणून दोऱ्यांवरून सरकणारं कापडी कडं त्याला जरा दमानं फुलू देतं. खाली येण्याचा वेग मिनिटाला साधारण १७०० फूट, म्हणजे बाराएक फुटांवरून सोडून दिल्यासारखा दणका. तो चाकं आणि आसनाखालची जाळी चेपून झेलतात. विमान बऱ्याचदा भंगारात जातं, पाठही दुखावू शकते.

उंची मात्र हवीच. सरळ उडताना पॅराशूट उघडेपर्यंत मॉडेलनुसार सुमारे ४०० ते ५६० फूट जातात, गिरक्या खात असाल तर ९०० च्या वर.

अपघातांचे अहवाल वाचताना मला खरी अडचण माणसाची वाटते. सुरुवातीची काही वर्षं पॅराशूट असूनही सिरसचा जीवघेण्या अपघातांचा हिशेब इतर छोट्या विमानांपेक्षा काही सरस नव्हता. ‘सावरतो मी’ म्हणत वैमानिक शेवटपर्यंत झुंजत, हँडल तसंच राही. पुढे प्रशिक्षणच बदललं. उड्डाणानंतर ठराविक उंची गाठली की वैमानिक मोठ्यानं ‘कॅप्स’ (सिरसच्या या पॅराशूट यंत्रणेचं नाव) म्हणतो, म्हणजे आता ते वापरता येईल हे डोक्यात पक्कं राहतं. मग आकडे सुधारले. मे २०२१ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरजवळ एक एसआर२२ मेट्रोलायनर या मालवाहू विमानाला हवेतच धडकलं. एसआर२२ पॅराशूटनं खाली आलं, आतल्या दोघांना खरचटलंही नाही.

मोठ्या प्रवासी विमानांचं विचाराल तर त्यांचं वजन आणि वेग पाहता हे जमण्यातलं नाही.

तुम्ही प्रवासी म्हणून बसणार असाल तर निघण्याआधी हँडलची सुरक्षा पिन काढलीय ना, ते विचारा आणि ओढायचं कसं ते शिकून घ्या. वैमानिक बेशुद्ध पडला तर ते काम तुमचं.