वेल्समधलं जुनं दगडी घर: ओल कशी घालवायची, वय कसं ओळखायचं?

प्रश्न असा: ग्विनेडच्या खेड्यात जुनं दगडी घर घेतलंय, ते किती जुनं असेल? पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे आणि कंत्राटदार सिमेंटचा गिलावा सुचवतोय, करावा का?

सिमेंट नको. वयाचं नंतर बघू, आधी ते काम थांबवा.

ही भिंत साधारण 60 सेंटिमीटर जाड असते. दोन्ही अंगांना ओबडधोबड दगड, मध्ये माती-चिपांचा भराव. पश्चिमेचा वारा पाऊस आडवा मारतो, त्यामुळे थोडं पाणी आत शिरणारच. दगडांमधल्या चुन्याच्या दरजांतून ते पुन्हा सुकून बाहेर पडतं, म्हणून भिंत टिकते. सिमेंट कडक, भिंत जराशी हलली की त्याला केसाएवढ्या भेगा जातात. पाणी आत जातं आणि बाहेर पडायची वाट बंद. मग ओल घरात फुटते आणि तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक कुजतं.

ओल मोजायचं दोन टोकांचं यंत्र मुळात लाकडासाठी असतं. भिंतीत नुसते क्षार साचले तरी ते ओल दाखवतं, आणि त्या आकड्यावर केमिकलची इंजेक्शनं विकली जातात. भरावाच्या भिंतीत ते केमिकल सलग पसरत नाही. पैसे वाया.

आधी पन्हळी आणि चिमणीचा बुंधा तपासा. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान 15 सेंटिमीटर खाली हवी. बागेची माती वर्षानुवर्षं चढलेली असते, ती उकरा. मग जुनं सिमेंट छिन्नी-हातोडीने काढा. ग्राइंडर दगडाच्या कडा खातो. दरज रुंदीच्या दुप्पट खोल मोकळी करा, पाणी मारा, आणि एनएचएल 3.5 (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना) एक भाग, धुतलेली जाड वाळू अडीच भाग असा माल ठासून भरा. बारीक पिवळी वाळू घातली की माल आकसून तडकतो. अंगठा रुतेनासा झाला की ताठ ब्रशने ठोका. थापीने गुळगुळीत केलं तर पृष्ठभाग बंद होतो. वर काही दिवस ओलं गोणपाट. पारा 5 अंशांखाली जाणार असेल तर हात लावू नका, गोठलेला चुना पीठ होऊन गळतो. शेवटी दुधाइतक्या पातळ चुन्याचे चार-पाच हात, प्रत्येक वेळी भिंत ओली करून.

“दगड उघडाच शोभतो” म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. कार्डिफजवळच्या सेंट फेगन्स संग्रहालयात दक्षिण वेल्समधल्या गावर द्वीपकल्पातून हलवलेलं 1610 चं केनिक्स्टन फार्महाउस बघा, भिंती लालभडक रंगवलेल्या आहेत. दगड उघडे ठेवायची आवड बरीच अलीकडची.

आता वय. माळ्यावर चढा. छपराची मूळ लाकडं धुराने काळी पडली असतील तर घर चिमणीच्या आधीचं, म्हणजे बहुधा मध्ययुगाच्या अखेरचं. मूळचंच दुमजली, टोकाच्या भिंतीत चिमणी आणि चुलीशेजारून वळणारा जिना असेल तर ती सोळाव्या शतकातली एरिरीची, म्हणजे स्नोडोनियाच्या डोंगराळ भागाची धाटणी. नेमकं साल हवं तर ओकच्या तुळईची वलयं मोजून घ्या. सालीखालची कड शाबूत असेल तर झाड कोणत्या हिवाळ्यात तोडलं तेही कळतं. सेंट फेगन्समधल्याच डेनबिशरच्या एका फार्महाउसचं 1508 हे साल असंच मिळालं. तुळईत बिनकामाच्या खाचा दिसल्या तर ती दुसऱ्या इमारतीतून आणलेली, तिच्या सालावर विसंबू नका.

आणि हो, घर कॅडवच्या, म्हणजे वेल्स सरकारच्या वारसा विभागाच्या संरक्षित यादीत आहे का ते छिन्नी उचलण्याआधी बघा. असेल तर स्थानिक नियोजन खात्याला आधी विचारा, घर नॅशनल पार्कच्या हद्दीत असेल तर पार्कच्या प्राधिकरणाला. लागणारी परवानगी न घेता केलेलं काम तिथे फौजदारी गुन्हा ठरतं.