पुनरुत्थान, पुनर्जन्म आणि दहन: वाचकांचे प्रश्न

येशूने लाजरालाही कबरीतून उठवले होते. मग येशूच्या स्वतःच्या पुनरुत्थानात वेगळे काय?

लाजर आपल्या जुन्याच आयुष्यात परतला. पुढे त्यालाही मरण होतेच. योहानाने आपल्या शुभवर्तमानात (बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एकात) दोन्ही प्रसंगी कापडांकडे बारीक लक्ष दिले आहे. लाजर बाहेर येतो तेव्हा त्याचे हातपाय बांधलेले असतात, तोंडाला रुमाल गुंडाळलेला असतो. त्याला मोकळे करायला येशू इतरांना सांगतो. येशूच्या कबरीत मात्र तागाची वस्त्रे मागेच राहिलेली असतात आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला असतो. त्याला आता त्यांचे काम नव्हते. प्रेषित पौल रोममधल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो तसे, ख्रिस्त पुन्हा मरणार नाही.

उठलेल्या येशूचा देह मात्र खराच. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला तो जखमा दाखवतो, शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो. तरी बंद दारांआड असलेल्या शिष्यांमध्ये येऊन उभा राहतो आणि अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना ओळखूच येत नाही. हे कसे जमते, ते शुभवर्तमानकार सांगत नाहीत. त्यांनी ओढूनताणून मेळ घातला नाही, हे मला उलट विश्वासार्ह वाटते.

शेजारच्या काकू म्हणतात, तुमचे पुनरुत्थान आणि आमचा पुनर्जन्म एकच.

काकूंना प्रेमाने ‘नाही’ म्हणा. गीतेत आत्मा जुनी वस्त्रे टाकावीत तसा देह टाकून नवा घेतो. ख्रिस्ती श्रद्धेत आयुष्य एकदाच, मरण एकदाच, आणि शेवटच्या दिवशी उठणार ती हीच व्यक्ती, देहासकट, पण पालटलेली. पौलाने साधारण इ. स. ५५ च्या सुमारास करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना बियाण्याचा दाखला दिला: पेरतो तो दाणा, उगवते ते रोप, तरी दोन्हींचा धागा एकच.

खरे तर गोंधळ आपल्याच ख्रिस्ती लोकांचा जास्त. अंत्यविधीच्या प्रवचनात ‘आत्मा देहाच्या पिंजऱ्यातून सुटला’ असे सर्रास ऐकू येते. ते देहाला आत्म्याचा तुरुंग मानणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोला शोभेल. अथेन्समध्ये पौलाने मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचे नाव काढले तेव्हा काहींनी टर उडवली, ती कदाचित अशाच विचारापायी: सुटका झाल्यावर देह परत कशाला हवा? आपण मात्र दर रविवारी ‘देहाचे पुनरुत्थान’ मानतो म्हणायचे आणि स्मशानात ते विसरायचे!

सार्वकालिक जीवन म्हणजे कोट्यवधी वर्षे स्तुतिगीते गात बसायचे? कंटाळा नाही का येणार? (एक कॉलेजकुमार)

येईल की! पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही २००७ च्या आपल्या परिपत्रकात हाच प्रश्न मांडला: नुसते न संपणारे जगणे कंटाळवाणे, अगदी असह्यही होईल. पण योहानाच्या सतराव्या अध्यायात येशू वर्षे मोजतच नाही. एकाच खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्याला ओळखणे, हेच सार्वकालिक जीवन, असे तो म्हणतो. पाचव्या अध्यायात तर विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात येऊन पोहोचलाच आहे. म्हणजे सुरुवात आजपासून. ‘मेल्यावर बघू’ म्हणून पुढे ढकलायची ती गोष्ट नव्हे.

पहिली पत्नी वारल्यावर मी दुसरे लग्न केले. तिकडे काय?

पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी या यहुदी पंथाच्या लोकांनी, एकामागून एक सात भावांशी लग्न झालेल्या बाईची गोष्ट सांगून येशूला हेच विचारले होते. तिथे लग्ने करत नाहीत, असे तो म्हणाला. प्रेमही संपते, असे म्हणाला नाही.

वडिलांनी दहनाची इच्छा सांगितली आहे. देह जळाला तर ते उठणार कसे?

जमिनीत पुरलेल्या देहाचीही मातीच होते. देवाला राखेची अडचण नाही. कॅथलिक चर्चने १९६३ साली दहनाला मुभा दिली. दफन अधिक इष्ट मानते, एवढेच. २०१६ च्या सूचनेप्रमाणे अस्थी नदीत सोडायच्या नाहीत की घरात ठेवायच्या नाहीत, दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवायच्या. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत एकच असा नियम नाही. वडील आहेत तोवरच त्यांच्यासह आपल्या फादरांशी किंवा पाळकांशी बोलून घ्या.