‘डिजिटल दहशतवाद’ असं फलकावर लिहावं का?

सांगलीच्या एका हौशी नाट्यमंडळातल्या ताईंचा प्रश्न आहे. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, ‘पायरसी म्हणजे डिजिटल दहशतवाद’ असा फलक लावायचा आहे. शब्द बरोबर आहे का?

ताई, नका लिहू. ‘दहशत’ फारसीतून आपल्याकडे आला आणि रोजच्या बोलण्यात मुरला. ‘त्याची अख्ख्या गल्लीत दहशत आहे’ म्हणजे त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला कुणी धजत नाही. भीती घालणं हाच या शब्दाचा जीव. अंधारात बसून मोबाइलवर नाटक टिपणाऱ्याला लोकांनी घाबरायला नको असतं, कुणाला पत्ता लागायला नको असतो.

शिवाय साताऱ्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे आठवा. २००८च्या मुंबई हल्ल्यात त्यांनी कसाबची रायफल धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांनी ज्या दहशतवादाशी झुंज दिली त्याचं नाव चोरट्या चित्रीकरणाला द्यायला माझं मन धजत नाही.

दहशतवादाविरुद्धच्या आणि पायरसीविरुद्धच्या लढ्यांत साम्य आहे ते पद्धतीचं. चोरट्या नकलांचं एक संकेतस्थळ बंद केलं की त्याचीच नवी रूपं उभी राहतात. ‘रक्तबीज’ म्हणतो ते हेच. २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने एकाच मनाई हुकमाच्या कक्षेत अशी पुढची रूपंही आणण्याची वाट काढली. आणि पैशाची वाट अडवल्याशिवाय दोन्हीकडे काही साधत नाही.

आता एक फार बोलकं उदाहरण. ‘एमपीडीएखाली स्थानबद्ध’ असं आपण पेपरात वाचतो, तो महाराष्ट्राचा १९८१चा कायदा. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती यांच्या पंगतीत पुढे व्हिडिओ पायरेटही आले. वर्षभरापर्यंत विनाखटला डांबता येतं, इतका तो कडक. तरी कायद्याच्या मराठी नावात या पायरेटांना म्हटलंय काय? ‘दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती’. लांबलचक आहे, पण माणसाने जे केलं तेवढंच सांगतं.

पायरसीला ‘चाचेगिरी’ म्हणणंही मला पटत नाही. चाच्यांनी गलबत लुटलं की मालकाकडे माल उरत नाही. नक्कल झाली तरी मूळ कलाकृती जागेवर असते, बुडतो तो मोबदला. ‘वाङ्मयचौर्य’ तर वेगळंच: तिथे दुसऱ्याचं लेखन स्वतःच्या नावावर खपवतात, इथे लेखकाचं नाव तसंच राहतं.

फलकावर सरळ लिहा: ‘नाटकाचं चोरून चित्रीकरण करू नका. आमच्या कष्टाचे पैसे बुडतात.’